‘बघू’ आणि ‘बघतो’

साहेब दिल्लीत चालतील का, हे मला हल्ली दूधवालासुद्धा विचारतो. सकाळी पडेगावात माझ्या फाटकाशी मोटारसायकल उभी करतो, माप ओततो आणि म्हणतो, काका, काय वाटतं, होतील का आपले साहेब पंतप्रधान? दाढी करायला गेलं की न्हावी वस्तरा हवेत धरून तेच विचारतो. वस्तरा गळ्याशी असताना माणूस काय सांगणार? हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तर तिथल्या बाई माझ्या हयातीचं बघायचं सोडून साहेबांचं भविष्य विचारायला लागल्या. सगळ्यांना वाटतं, हा एकोणीस वर्षं साहेबांचा पीए होता, ह्याला आतलं ठाऊक असणार. ठाऊक आहेच. म्हणून तर मी ‘वरचे ठरवतील ते खरं’ असं म्हणून सटकतो.

इथं लिहायला बसलोय, तर सटकून चालणार नाही.

मागच्या हिवाळ्यात साहेबांची पंचाहत्तरी शहरात साजरी झाली. नुसता सत्कार नव्हता तो. मराठवाड्याचा माणूस देश चालवू शकतो, हे दिल्लीला दाखवायचं होतं. गौरव अंक निघणार होता, त्यात माझा लेख मागितला होता. आणि स्टेजवर पुढाऱ्यांच्या भाषणांआधी तीन साध्या माणसांनी बोलायचं होतं, साहेबांनी आपल्यासाठी काय केलं ते. एक शेतकरी, एक मास्तर आणि तिसरी माझी धाकटी बहीण. कोरोनात तिच्या नवऱ्यासाठी साहेबांनी जिवाचं रान केलं, देवानंच ऐकलं नाही, असं ती सांगणार होती. मनापासून सांगणार होती, कारण वैजापूरच्या तिच्या गल्लीत ती हे इतकी वर्षं सांगतच आली होती. आणि ते खोटं होतं. ते खोटं तिला मीच सांगितलेलं होतं. आता ती हजारो लोकांपुढं त्याच्याच भरवशावर साहेबांसाठी शब्द टाकणार होती. तिला त्याआधी खरं सांगायचं, का खाली मान घालून ऐकत बसायचं, एवढाच प्रश्न त्या आठवड्यात माझ्यापुढं होता. देशाचं मला काही पडलं नव्हतं.

हे कळायला आधी साहेबांची बोली कळायला पाहिजे. साहेब कधी कुणाला नाही म्हणत नसत. सकाळी आठ ते अकरा बंगल्यासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोक बसायचे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. साहेब वेताच्या खुर्चीत, आणि मी त्यांच्या डाव्या हाताला वही घेऊन उभा. माणूस आपली दरख्वास्त पुढं करायचा, सगळं गाऱ्हाणं सांगायचा. साहेब शेवटपर्यंत ऐकायचे, मधे तोडायचे नाहीत. मग दोनांतला एक शब्द यायचा. ‘बघतो’ नाहीतर ‘बघू’. ‘बघतो’ म्हणाले की साहेब स्वतः फोन करणार आणि काम होणार. ‘बघू’ म्हणाले की विषय संपला, वहीत लिहायचंसुद्धा नाही.

हे त्यांनी मला कधी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी एका माणसाचं ‘बघू’ मी वहीत लिहिलं, आणि दोनदा साहेबांना आठवण केली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ती ओळ मी तिथल्या तिथं खोडली. पुढं सगळ्या कचेऱ्यांत हे माहीत झालं. मी फोन केला की पलीकडचा अधिकारी विचारायचा, ‘बघतो’ म्हणाले का ‘बघू’? बाहेरच्या माणसाला मात्र दोन्ही सारखंच. त्याला वाटायचं, साहेबांनी पाहतो म्हणून सांगितलं. आता मराठीच बघा ना. ‘बघतो’ म्हणजे मी बघतो. ‘बघू’ म्हणजे आपण सगळे बघू, आणि आपण सगळे म्हणजे कुणीच नाही.

माझं खरं काम शेडच्या बाहेर सुरू व्हायचं. लोक फाटकापर्यंत माझ्यामागं यायचे. काय म्हणाले हो साहेब, होईल का? मी ‘बघू’वाल्यालासुद्धा सांगायचो, साहेबांनी मनावर घेतलंय. ह्याला मी खोटं बोलणं समजत नव्हतो. आमच्या घरात आजोबा लोकांच्या पूजा सांगायचे, वडील कचेरीत कारकून. दारात आलेल्याला दिलासा देऊन वाटेला लावणं हे आमच्या रक्तातच. लासूर स्टेशनचा एक भुसार व्यापारी दर वर्षी यायचा. लासूरला एका एक्स्प्रेस गाडीचा थांबा पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. अकरा वर्षं साहेब त्याला ‘बघू’ म्हणाले, आणि अकरा वर्षं मी त्याला मनावर घेतलंय म्हणालो. तो येताना पेढे आणायचा, काम व्हायच्या आधीच. बाराव्या वर्षी त्याचा मुलगा आला. वडील गेले म्हणाला, शेवटपर्यंत सांगत होते, साहेबांनी घेतलंय, गाडी थांबणार. मला तेव्हा हसू आलं होतं. तोंड फिरवून हसलो होतो मी, आणि आज त्याची लाज वाटते.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, खुर्चीजवळून उठला आणि उलटला. फाईल ते शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. शिपायालासुद्धा अहो-जाहो. कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, सगळं ध्यानात. एकदा एका गावात दोन आळ्या दगड घेऊन समोरासमोर आल्या. पोलिसांच्या आधी साहेब पोचले, दोघांच्या मधोमध रस्त्यात खुर्ची टाकून बसले, आणि दुपारभर उठले नाहीत. पाणीसुद्धा एकदा ह्या बाजूच्या घरातून मागवलं, एकदा त्या बाजूच्या. मी मागं वही छातीशी धरून उभा होतो. असा माणूस देशाला का नको, असं कुणी त्या दिवशी विचारलं असतं, तर मी भांडलो असतो. दगडांपुढं बसायची छाती त्यांच्याकडं होती. समोरच्याला तोंडावर ‘हे होणार नाही’ म्हणायची मात्र नव्हती. लोक त्याला सभ्यपणा म्हणायचे, आणि मीही म्हणायचो.

दुसऱ्या लाटेत शेड बंद झालं आणि तिथली सगळी गर्दी माझ्या फोनमध्ये शिरली. बेड पाहिजे, ऑक्सिजन पाहिजे, इंजेक्शन पाहिजे. ओळखीचे, बिनओळखीचे, रडणारे, शिव्या देणारे. साहेब सकाळपासून व्हरांड्यात बसलेले असायचे, एक फोन कानाला, दुसरा मांडीवर वाजत. राबत होते, हे खरं आहे. त्यांच्यामुळं काही माणसं वाचली, हेही खरं आहे. ‘बघतो’ रोज निघत होते तोंडातून, पण ‘बघू’ त्याच्या किती तरी पट.

धाकटीचं सासर वैजापूर. तिचा नवरा, आमचे दाजी, बाजार समितीत लिपिक होते. कांद्याच्या लिलावात एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॅक्टरपर्यंत पावत्या लिहीत हिंडायचे. शांत माणूस, पण मला सोडायचे नाहीत. मी घरात पाय ठेवला की, ‘आले आमचे धाकटे साहेब, पाट मांडा.’ त्यांना ताप भरला आणि पाचव्या दिवशी धाप लागली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, इथं थांबू नका, मोठ्या ठिकाणी हलवा, आजच्या आज. दाजींच्या ओळखीच्या एका कांदा व्यापाऱ्यानं धडपड करून नाशिकच्या एका दवाखान्यात बेड बोलून ठेवला. बारापर्यंत पोचा, नाहीतर पुढच्याला देतील, असा त्याचा निरोप होता.

धाकटीनं गाडी मिळवली, कुठून तरी सिलिंडर मिळवला, दाजींना गाडीत बसवलं. आणि निघता निघता तिनं मला फोन केला. सकाळचे नऊ वाजले होते. नाशिकला तिचं कुणी नव्हतं, इकडं मी होतो. म्हणाली, दादा, नाशिकला नेऊ का तिकडंच आणू? तू आहेस, साहेब आहेत. एकदा विचारून बघ ना, मी गाडी थांबवते.

मी व्हरांड्यात गेलो. इतक्या वर्षांत मी साहेबांकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि त्याचा मला चांगलाच माज होता. म्हणालो, साहेब, माझे दाजी आहेत, वैजापूरला, इथं एक बेड होईल का? साहेबांनी कानाचा फोन खाली घेतला. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, लाल झालेले. माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, “बघू.”

मी हललो नाही. तसाच उभा राहिलो. मग त्यांनी हात पुढं करून माझ्या दंडाला लावला. त्या दिवसांत कुणी कुणाला हात लावत नव्हतं.

“बघू आपण,” ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा फोन कानाला लावला.

ह्यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला कळलं होतं. घटकाभर तरी मला अगदी स्वच्छ कळलं होतं की साहेब नाही म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतका कुणाला ठाऊक होता? पण ‘आपण’ हा शब्द त्यांनी पूर्वी कधी जोडला नव्हता, आणि मी त्या ‘आपण’मध्ये स्वतःला बसवून घेतलं. परक्यांना ते ‘बघू’ म्हणतात, मला कसं म्हणतील? मला म्हणाले बघू आपण, म्हणजे ते आणि मी, म्हणजे झालंच की काम. व्हरांड्याच्या चार पायऱ्या उतरेपर्यंत माझ्या डोक्यात त्याचं ‘बघतो’ झालं होतं. मी धाकटीला फोन लावला. “साहेब म्हणाले, मी बघतो. नाशिकला नेऊ नको. तासा-दोन तासांत बेडचा फोन येईल. दाजींना घरात घे, जरा पडू दे,” म्हणालो. माझा आवाज इतका खात्रीचा होता, की ती फोनवर रडायला लागली, आनंदानं. साहेबांना माझा नमस्कार सांग म्हणाली.

दहा वाजले, अकरा वाजले. मी तीनदा व्हरांड्यात गेलो. पहिल्यांदा साहेब फोनवर होते. दुसऱ्यांदा कलेक्टरांबरोबर ऑनलाइन बैठक चालू होती. तिसऱ्यांदा ते आत जाऊन पडले होते. मी दारापर्यंत गेलो, कडीला हात लावला आणि परत फिरलो. कुणी मला अडवलं नव्हतं. दार वाजवलं असतं तर साहेब बाहेर आले असते, आणि खरं काय ते मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. तेवढ्यात बारा वाजून गेले. नाशिकचा बेड गेल्याचा फोन त्या व्यापाऱ्यानं धाकटीला केला, आणि तिनं मला. पण तिला त्याचं काही वाटलं नाही. आपलं इकडं होतंय ना, म्हणाली.

मग मी साहेबांचं नाव घेऊन स्वतःच दवाखान्यांना फोन लावत सुटलो. सगळीकडं एकच प्रश्न, साहेब स्वतः बोलतील का? तीन वाजता धाकटीचा आवाज बदललेला होता. म्हणाली, ह्यांचे ओठ निळे पडायला लागलेत, काय करू? मी म्हणालो, निघ, इकडं ये तर खरं, आल्यावर बघू. तो शब्द माझ्या तोंडातून गेला आणि मग मलाच ऐकू आला.

मी पडेगावला, घरी आलो. गाडी दौलताबादच्या बाजूनं आली, आणि पुढं जायला ठिकाणच नव्हतं म्हणून माझ्या फाटकाशी थांबली. उन्हाचा नुसता जाळ. दाजी मागच्या सीटवर, डोकं धाकटीच्या मांडीवर. सिलिंडर कधीच संपत आलेला. तिनं काच खाली केली आणि विचारलं, “दादा, कुठं जायचं?” मी दोन दवाखान्यांची नावं घेतली. दोन्हीकडं जागा नव्हती, ते मला अर्ध्या तासापूर्वीच सांगितलेलं होतं. दाजींनी डोळे उघडले. मला ओळखलं, काही तरी बोलायला तोंड उघडलं, चेष्टाच करणार होते बहुतेक. त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. शेजारचे लोक खिडक्यांतून बघत होते, खाली कुणी उतरलं नाही. त्यांना मी दोष देत नाही, माझीच लायकी तेवढी होती.

आठ दिवसांनी धाकटीनं मला विचारलं, साहेबांना खूप वाईट वाटलं असेल ना रे? मी म्हणालो, लई प्रयत्न केले त्यांनी, शेवटच्या क्षणी बेड हातचा गेला. कसं निघालं तोंडातून, मला ठाऊक नाही. एकदा निघालं आणि मग ते मागं घ्यायची सोय राहिली नाही.

साहेबांची सांत्वनपत्रं मीच लिहायचो. त्या दिवसांत ढिगानं लिहिली. एकाचं नाव काढायचं, दुसऱ्याचं घालायचं. धाकटीच्या पत्राला मात्र मला अख्खी सकाळ लागली. ‘आपल्या पतीसाठी प्रयत्नांची पराकाष्ठा करूनही आम्हांस यश आले नाही,’ असं लिहिलं. साहेब सहीआधी प्रत्येक कागद वाचतात, हे मी वर सांगितलंच. त्या ओळीवर ते थांबले. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी बहिणीला काय सांगून बसलोय, हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. मला वाटत होतं, त्यांनी ती ओळ खोडावी. मोठे आहेत ते, त्यांनी तरी खोडावी. साहेबांनी सही केली, कागद माझ्याकडं सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, बहिणीला जपा. त्यानंतर आमच्यात तो विषय कधी निघाला नाही. मी निवृत्तीपर्यंत त्यांच्या डाव्या हाताला उभा राहिलो. धाकटीनं ते पत्र देवघरात, गणपतीच्या मागं ठेवलं.

आणि आता हा गौरव अंक. लेखाचं शीर्षक आयोजकांनीच देऊन टाकलं होतं, ‘देशाला हवे असलेले नेतृत्व’. मी चारदा सुरुवात केली आणि चारदा कागद फाडला. मला दिसायचं काय, तर शेड. एवढं मोठं शेड की त्याचं दुसरं टोक दिसत नाही, आणि देशभरातली माणसं मांडीवर पिशव्या घेऊन बसलेली. साहेब प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकतायत, आणि ‘बघू’ म्हणतायत. फाटकावर माझ्यासारखे हजार जण उभे, आलेल्याला सांगतायत, घेतलंय हो मनावर, जा निवांत. आणि माणसं निवांत घरी जातायत, गाडीत बसवलेलं माणूस परत खाली उतरवतायत. रागावून परत पाठवलं तर माणूस दुसरीकडं तरी जातो. साहेबांच्या दारातून कुणी दुसरीकडं जात नाही. हे मी गौरव अंकात लिहिणार होतो का? शेवटी दगड घेऊन आलेल्या दोन आळ्यांची गोष्ट लिहिली आणि दिली पाठवून. आयोजकांना फार आवडली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी एसटीनं आली. बायको लेकीकडं पुण्याला गेलेली, घरात आम्ही दोघंच. चहा झाला. तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. तू जन्मभर लोकांची भाषणं लिहिलीस, आता माझ्या चुका काढ म्हणाली, आणि स्वयंपाकघरातच ओट्याला टेकून वाचायला लागली. चांगलं लिहिलं होतं तिनं. दाजींचं थोडंच, पण असं की ते ‘पाट मांडा’ म्हणताना ऐकू आले. मग तिनं वाचलं, “त्या दिवशी साहेबांनी माझ्या भावाला शब्द दिला, मी बघतो. देशाला असाच शब्द देणारा माणूस पाहिजे.”

मसुदे दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माझा. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं ठरवलं. तोंडातून निघून गेलं, “‘बघतो’ नाय. ‘बघू’ म्हणाले होते.”

“बरं, ‘बघू’ करते,” ती म्हणाली आणि पेन शोधायला लागली. “काय फरक पडतो त्यानं?”

मग मी सगळं सांगितलं. शेड, वही, दोन शब्द, दंडावरचा हात, व्हरांड्याच्या पायऱ्या, न वाजवलेलं दार. ती पेन हातात धरून ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं पेन ओट्यावर ठेवलं.

“बूट घालून बसले होते ते गाडीत,” ती म्हणाली. “नाशिकला जायचं म्हणून. तुझा फोन आला आन् मीच काढले.”

तिनं विचारलं, तू मला काय सांगितलं ते साहेबांना ठाऊक होतं का? मी पत्राचं सांगितलं. ते त्या ओळीवर कसे थांबले, आणि त्यांनी सही कशी केली, तेही.

“म्हणजे दोघांनाबी ठाऊक,” ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. “पण त्यांचं सोड, दादा. ते मला कधी काही बोललेच नव्हते. त्यांनी तर तुला नाय म्हणून सांगितलं होतं, त्यांच्या भाषेत. मला तू बोललास.”

मी म्हणालो, उद्या जाऊ नकोस. आयोजकांना सांगतो मी, तब्येत बरी नाही म्हणून. तेव्हा ती हसली. इतकं वाईट हसणं मी तिच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. “आणखी एक सांगतोस?” म्हणाली. मग तिनं दोन्ही कप विसळले, पालथे घातले, आणि मी जाणार आहे म्हणाली. रात्री जेवली नाही. सकाळी माझ्याआधी आंघोळ करून तयार होती.

मैदान भरलं होतं. चार जिल्ह्यांतून गाड्या आलेल्या, दिल्लीचे दोन पाहुणे स्टेजवर, मधल्या खुर्चीत शाल पांघरलेले साहेब. धाकटीला वक्त्यांच्या पहिल्या रांगेत बसवलं, मला चौथ्या. शेतकरी बोलला, मास्तर बोलले. मग तिचं नाव पुकारलं. कागद तिनं काढलाच नाही. माईक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्यासाठी साहेब काय म्हणाले, ते मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. ज्यानं स्वतः ऐकलं, तो माझा भाऊ इथं बसलाय. एकोणीस वर्षं साहेबांच्या जवळ होता. साहेब देशाला चालतील का, ते त्यालाच सांगू द्या.” नमस्कार करून ती खाली उतरली.

सूत्रसंचालकाला हे लई भावलं. किती सुंदर कल्पना म्हणाला, आणि मला वर बोलावलं. माझ्या आजूबाजूच्या लोकांनी मला धरून उठवलं. मी पायऱ्या चढलो. माईकपाशी उभा राहिलो आणि साहेबांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते, त्या पत्रावरून मान वर करून पाहिलं होतं तसंच.

मला बोलता आलं असतं. कुणी माझा हात धरला नव्हता. निवृत्त झालेलो, पेन्शन सरकारची, साहेब माझं काही वाकडं करणार नव्हते, आणि त्यांनी केलंही नसतं. दोन शब्दांतला फरक सांगायला दोन मिनिटं पुरली असती. समोर हजारो माणसं होती आणि त्यांतल्या कित्येकांना मी स्वतः फाटकातून वाटेला लावलेलं होतं. ती सगळी आशेनं माझ्या तोंडाकडं बघत होती. त्या तोंडांकडं पाहिलं आणि माझी जीभ तिच्या सवयीच्या वाटेनं गेली. “साहेबांसारखा माणूस देशाला मिळणं,” मी म्हणालो, “हे देशाचं भाग्य आहे.”

मैदान उठलं. घोषणा सुरू झाल्या, दिल्लीच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या, साहेबांनी उठून मला मिठी मारली. त्यांच्या शालीतून मी खाली पाहिलं. पहिल्या रांगेत धाकटी उभी राहून टाळ्या वाजवत होती, सरळ माझ्याकडं बघत. घोषणा थांबल्या, लोक खाली बसले, पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं, तरी ती वाजवतच होती.